आगमनकाळाचे चार आठवडे आम्हाला हवे आहेत: प्रमुख धर्मगुरू आणि पॅरिश कौन्सिल यांना खुले पत्र

आदरणीय फादर आणि पॅरिश कौन्सिलच्या सन्माननीय सभासदांनो,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर ज्या सूचना वाचून दाखवण्यात आल्या, त्यांतल्या तीन सूचनांमुळे मला हे पत्र लिहावे लागत आहे. यंदा आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांत, तपसाधना (प्रवचन, प्रार्थना आणि आत्मपरीक्षणाच्या संध्याकाळी) होणार नाही, ही पहिली. दर शनिवारी संध्याकाळी असणारे पापनिवेदन (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) डिसेंबर महिन्यात बंद राहील आणि त्याऐवजी २३ डिसेंबरच्या संध्याकाळी सर्वांसाठी एकदाच सोय केली जाईल, ही दुसरी. तपसाधनेसाठी आजवर राखून ठेवलेल्या शनिवार-रविवारी चर्चच्या पटांगणात नाताळ मेळा भरेल आणि त्यात खाण्याचे स्टॉल, हाउझी, नाचाची स्पर्धा आणि डीजे असेल, ही तिसरी. तिन्ही सूचना एका दमात वाचल्या गेल्या आणि तिसरीला टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांवरून सर्वांची संमती आहे असा आपला समज झाला असल्यास तो बरोबर नाही, हे आपल्या कानी घालणे मला आवश्यक वाटते.

ही गोष्ट ऑफिसात येऊन सांगता आली असती, आणि आमच्यापैकी काही जण आलेही होते. निर्णय झालेला आहे, आता त्यात बदल होणार नाही, असे उत्तर मिळाले. शिवाय हा प्रश्न आपल्या एकट्या धर्मग्रामाचा (पॅरिशचा) आहे असे मला वाटत नाही. वसईच्या पट्ट्यात आणि मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या नातेवाइकांशी बोलताना थोड्याफार फरकाने हेच ऐकू येते. म्हणून पत्र उघडपणे लिहीत आहे आणि धर्मग्रामाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना ते कळायला हवे त्यांना ते कळेल, आणि इतरांनी आपापल्या चर्चच्या सूचनाफलकाकडे एकदा पाहावे.

मी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवते. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याआधी मुलांकडून पापनिवेदनाची तयारी करून घेणे हे माझ्याकडचे काम आहे. आपण काय केले ते आठवायचे, त्याचे वाईट वाटून घ्यायचे, पुन्हा तसे न करण्याचा निश्चय करायचा, धर्मगुरूंपुढे ते बोलायचे आणि सांगितलेले प्रायश्चित्त पुरे करायचे, हा क्रम मी वर्षानुवर्षे मुलांना शिकवत आले आहे. त्या मुलांना आता मी काय सांगू? पहिल्या पापनिवेदनासाठी त्यांना पांढऱ्या कपड्यांत ओळीने बसवले जाते, फोटो काढले जातात, आणि दुसऱ्या पापनिवेदनाची वेळ येते तेव्हा चर्चमध्ये ऐकायला कोणी नसते. नऊ वर्षांचे मूल २३ डिसेंबरला रात्री गेटपर्यंत गेलेल्या रांगेत उभे राहत नाही, आणि त्याला तिथे उभे करावे असे त्याच्या आईवडिलांनाही वाटत नाही.

तक्रारी मांडण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. आगमनकाळ म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांसारखा प्रायश्चित्तकाळ नव्हे, हे मला ठाऊक आहे. १९६९ साली उपासना वर्षाचे जे नियम जाहीर झाले, त्यांत या काळाचे वर्णन भक्तीने आणि आनंदाने वाट पाहण्याचा काळ असेच आहे. ख्रिस्ताच्या पहिल्या आगमनाचे स्मरण आणि त्याच्या दुसऱ्या आगमनाची वाट पाहणे, अशी त्याची दोन अंगे तिथे सांगितली आहेत. म्हणून मी आपल्याकडे चार आठवड्यांचे सुतक मागत नाही. पण वाट पाहणाऱ्याने घर झाडून ठेवावे लागते, ही समज चर्चमध्ये फार जुनी आहे. पाचव्या शतकात फ्रान्समधील तूर शहराचे बिशप पर्पेतुअस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करण्याचा नियम घातला होता. पुढच्या शतकात माकाँ येथील धर्मसभेने सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे वार ठरवून तो नियम अधिक प्रदेशांत नेला. इतके मागे जायचे नसेल तर आपल्याच इमारतींत राहणाऱ्या मल्याळी सिरो-मलबार (केरळच्या पौर्वात्य परंपरेतल्या कॅथलिक) कुटुंबांकडे पाहावे. १ डिसेंबरपासून ती मांस-मासे वर्ज्य करतात आणि नाताळच्या रात्रीच उपवास सोडतात. त्यांच्या घरी नाताळचा आनंद आपल्यापेक्षा कमी असतो असे मला तरी कधी दिसले नाही.

आता तक्रारी सांगते.

पहिली तक्रार पापनिवेदनाच्या वेळेची आहे, आणि ती केवळ माझ्या सोयीची बाब नाही. १९८३ च्या कॅनन कायद्याचे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याचे, ९८६ वे कलम सांगते की, ज्यांच्याकडे लोकांच्या आत्म्यांची काळजी सोपवली आहे त्यांनी, भाविकांनी रास्तपणे मागणी केल्यास त्यांचे पापनिवेदन ऐकले जाईल अशी व्यवस्था केली पाहिजे, आणि त्यासाठी भाविकांना सोयीचे असे दिवस व वेळा ठरवून दिल्या पाहिजेत. सोय कोणाची, हे कायद्यानेच सांगून ठेवले आहे. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी याच विषयावर एक आदेश काढला. पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू जाहीर केलेल्या वेळी चर्चमध्ये लोकांना दिसतील असे बसलेले असावेत, मिस्साच्या आधी त्यांनी उपलब्ध असावे, आणि दुसरे धर्मगुरू असतील तर मिस्सा चालू असतानाही पापनिवेदन ऐकावे, असे त्यात म्हटले आहे. आपण याच्या नेमके उलट केले आहे. मागणी सर्वांत जास्त असते त्या महिन्यात वेळ काढून घेतली आहे.

लोकच येत नाहीत, असे उत्तर यावर दिले जाते. शनिवारी संध्याकाळी पाच ते साडेपाच ही वेळ होती, फादर. त्या वेळी आपल्या धर्मग्रामातले अर्धेअधिक कमावते लोक चर्चगेटहून किंवा अंधेरीहून सुटलेल्या विरार लोकलमध्ये दाराला लटकलेले असतात. जे वाडीत काम करतात ते पाणी सोडून, भाजी बांधून घरी यायचे असतात. त्यांना वेळ विचारली कोणी? हेच लोक नोव्हेंबरच्या अखेरीस संत फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेनासाठी (नऊ दिवसांच्या प्रार्थनेसाठी) रात्रभराचा प्रवास करून जुन्या गोव्याला जातात आणि तिथे रांगेत उभे राहून पापनिवेदन करतात. भूक आहे, पण ताट वाढले जाते तेव्हा माणूस घरी नसतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ पासून प्रायश्चित्तकाळात चोवीस तास चर्च उघडे ठेवून पापनिवेदन ऐकण्याचा उपक्रम सुरू केला. आम्ही चोवीस तास मागत नाही. आठवड्यातून दोनदा, रात्री आठ ते नऊ, एवढे पुरे आहे.

याला जोडूनच आणखी एक गोष्ट. गर्दी फार झाली तर २३ तारखेला सर्वांना एकत्रच पापक्षमा द्यावी, अशी सूचना कौन्सिलमध्ये आल्याचे कानावर आले आहे. ते खरे नसेल तर मला आनंदच होईल. खरे असेल तर ९६१ वे कलम पुन्हा वाचावे, अशी विनंती आहे. एकेकट्याने पापनिवेदन न करता सर्वांना एकत्र पापक्षमा देण्यासाठी मृत्यूचा धोका किंवा गंभीर निकड असावी लागते, आणि मोठ्या सणाला किंवा यात्रेला जमलेली गर्दी ही तशी निकड समजू नये, असे त्या कलमातच म्हटले आहे. आणि इथे तर गर्दी आपणच एका संध्याकाळी कोंबून तयार केलेली असणार. गेल्या वर्षी याच २३ तारखेला काय झाले ते अनेकांनी पाहिले आहे. एका बाजूला रांग, दुसऱ्या बाजूला माइकवरून कॅरोलची तालीम, वर शिडीवर चढून तारे टांगणारी मुले. प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभर. माझ्या पुढे उभे असलेले एक वयस्कर गृहस्थ आपला नंबर जवळ आला तसे रांगेतून निघून गेले. आत सांगायचे ते मिनिटभरात सांगण्यासारखे नसावे.

दुसरी तक्रार लहान आहे, पण ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. चर्चच्या डाव्या बाजूच्या पापनिवेदन कक्षात सध्या गव्हाणीचे, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचे, सामान ठेवले आहे. थर्मोकोलचे डोंगर, विजेच्या माळांची भेंडोळी, रंगाचे डबे आणि एक कान तुटलेला उंट. ९६४ व्या कलमानुसार चर्चमध्ये मोकळ्या, दिसेल अशा जागी जाळी असलेला पापनिवेदन कक्ष असायला हवा, जेणेकरून ज्याला तोंड न दाखवता बोलायचे आहे त्याला तसे बोलता येईल. जाळी अजून आहे. तिच्या एका बाजूला उंट आहे.

तिसरी तक्रार मेळ्याची. तरुणांच्या उत्साहाविरुद्ध माझे एक अक्षरही नाही. महिनाभर जागून, खिशातले पैसे घालून, बांबू आणि गवत आणून ही मुले गव्हाणी उभी करतात, आणि अंगावर घेतलेले काम त्यांच्यासारखे तडीस नेणारे दुसरे कोणी आपल्या धर्मग्रामात नाही. माझा आक्षेप त्यांनी केलेल्या कामावर नाही, आपण त्यांना दिलेल्या तारखेवर आहे. आगमनकाळात वेदीवरची फुलांची सजावट या काळाला शोभेल इतकी माफक असावी, प्रभुजन्माचा पूर्ण आनंद त्यात आधीच व्यक्त होऊ नये, वाद्येही संयमाने वाजवावीत, असे रोमन मिस्साविधीच्या सर्वसाधारण सूचनांमध्ये सांगितले आहे. या काळातल्या रविवारी आपण ‘ग्लोरिया’ गात नाही, ते याचसाठी. बेथलेहेमच्या देवदूतांचे ते गीत नाताळच्या रात्री पुन्हा कानावर पडावे, म्हणून तोवर ते राखून ठेवायचे. मागच्या वर्षी आगमनकाळाच्या दुसऱ्याच रविवारी गायकवृंदाने ते पूर्ण गायले. ८ डिसेंबरचा निष्कलंक गर्भसंभवाचा सण असता तर गोष्ट वेगळी होती. तो दिवस तसा नव्हता. तालीम व्हावी म्हणून गायले, असे नंतर समजले.

मेणचक्राचेही तसेच. वर्तुळात चार मेणबत्त्या लावायच्या आणि दर रविवारी एक जास्त पेटवायची, ही प्रथा आपल्याकडे जर्मनीतून आली. हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांचा आश्रम चालवणारे प्रोटेस्टंट पाळक योहान हिनरिख विखर्न यांनी १८३९ साली, नाताळ अजून किती दूर आहे हे मुलांना कळावे म्हणून, लाकडी चाकावर रविवारच्या चार मोठ्या आणि इतर दिवसांच्या लहान मेणबत्त्या लावल्या होत्या. मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण गेल्या वर्षी आपल्या चर्चमध्ये मेणबत्त्यांच्या जागी विजेचे दिवे आले आणि त्यांना बटण एकच होते, त्यामुळे पहिल्याच रविवारी चारही लागले. माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारले, टीचर, मग आता कशाची वाट पाहायची? तिचे उत्तर मी आपल्यावर सोपवते.

मेळ्यातून पैसे उभे राहतात आणि त्यातून गरजूंना मदत होते, हा युक्तिवाद मी ऐकला आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. मग मेळा २६ डिसेंबरनंतर घ्यावा. नाताळचा काळ २५ तारखेला संपत नाही, त्या दिवशी तो सुरू होतो आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, चालतो. आपल्याकडे मात्र २६ तारखेच्या सकाळी सगळे चिडीचूप असते, कारण महिनाभर नाचून सगळे थकलेले असतात. शाळांना तेव्हा सुट्टी असते, परदेशात आणि जहाजावर नोकरी करणारी मुले घरी आलेली असतात, हवाही छान असते. मेळ्याला याहून चांगले दिवस कोणते?

आता चौथी तक्रार, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. आगमनकाळात व्यासपीठावरून पश्चात्तापाविषयी जे सांगितले जाते, त्यात आपल्या गावांचे काहीच नसते. मनाची गव्हाणी स्वच्छ करा, हृदयात बाळ येशूला जागा द्या, असे आम्ही दर वर्षी ऐकतो. ऐकायला गोड वाटते आणि कोणाला काही लागत नाही. पण दुसऱ्या रविवारी शुभवर्तमानात उभा राहतो तो उंटाच्या केसांचे वस्त्र नेसलेला बाप्तिस्मा करणारा योहान, आणि तो गोड बोलत नाही. लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक त्याला सरळ विचारतात, आम्ही काय करावे? त्याचे उत्तर तितकेच सरळ आहे. दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा. जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये. शिपायाने कोणाला धमकावून पैसे उकळू नयेत. ज्याचा जो धंदा, त्या धंद्यातले पाप तो नाव घेऊन सांगतो.

वसईत आज योहान आला तर तो काय सांगेल, हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. वाडीत आणि घरात राबणाऱ्या आदिवासी बाईची मजुरी किती वर्षे तीच आहे, आणि तिला चहा अजूनही वेगळ्या कपात दिला जातो का, हे तो विचारील. जमिनीला भाव आला तसे भावाभावांत दावे लागले, एका कुंपणाच्या दोन बाजूंना राहणारी दोन घरे एकमेकांच्या मयतालाही जात नाहीत, आणि तरीही दोन्ही घरे रविवारी एकाच वेदीसमोर ख्रिस्तशरीर स्वीकारतात, त्याबद्दल तो बोलेल. बहिणींकडून घेतलेल्या हक्कसोडपत्रांबद्दल तर नक्कीच बोलेल. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो, असे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने सांगितले आहे. तरी माहेर तुटेल या भीतीने सही करून मोकळ्या झालेल्या बहिणी आपल्या प्रत्येक आळीत आहेत, आणि त्यांच्या भावांपैकी कितीतरी जण चर्चच्या समित्यांवर आहेत. सखल जमिनींवर भराव टाकून पाण्याच्या वाटा कोणी बुजवल्या, हेही तो विचारील. २०१८ च्या जुलैमध्ये वसई कित्येक दिवस पाण्याखाली होती, तेव्हा आपण महापालिकेला शिव्या दिल्या आणि त्या योग्यच होत्या. पण भरावासाठी जमीन विकणाऱ्यांत आपलीही नावे होती. लग्नात दारूवर होणारा खर्च, त्यासाठी काढलेले कर्ज आणि त्यानंतर घरात होणारी मारझोड हा विषय तर आपण व्यासपीठावरून जणू हद्दपारच केला आहे.

पाप वैयक्तिक असते आणि ते साचत जाऊन समाजाच्या व्यवस्थेतही उतरते, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी समेट आणि पश्चात्ताप या विषयावरच्या आपल्या पत्रकात सविस्तर मांडले आहे. त्या पत्रकावरची तारीख २ डिसेंबर १९८४ आहे, आणि तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता. म्हणजे या काळात हे विषय काढणे अवेळी होईल, असे म्हणायला जागा नाही.

माझ्या सगळ्या तक्रारींचे मूळ इथे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. पश्चात्तापाला वेळ लागतो. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथाचा १४५९ वा परिच्छेद सांगतो की, पापक्षमेने पाप पुसले जाते, पण पापाने जे बिघडवले ते सगळे आपोआप सुधारत नाही. चोरलेली वस्तू परत करावी लागते, कोणाची अब्रू घालवली असेल तर ती भरून द्यावी लागते, झालेल्या इजेची भरपाई करावी लागते. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदाराने येशूसमोर उभे राहून अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेल्याला चौपट परत करण्याचे वचन दिले, ते याच अर्थाने. आणि वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी भावाकडे जा, असे प्रभूने मत्तयच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. आता व्यवहाराचा विचार करा. ज्या भावाशी दहा वर्षे बोलणे नाही, त्याच्याकडे जायला पाय उचलायला आठवडा जातो. तो पहिल्यांदा दार उघडत नाही. मग कोणा मोठ्या माणसाला, आत्याला किंवा मामाला, मध्ये घालावे लागते. बहिणीचा वाटा द्यायचा तर बायको-मुलांशी बोलावे लागते, तलाठ्याकडे, वकिलाकडे जावे लागते. गड्याची थकलेली मजुरी द्यायची तर पैशाची जुळणी करावी लागते. २३ डिसेंबरच्या रात्री पापनिवेदन करून घरी आलेल्या माणसाला यातले काय करता येणार आहे? चोवीस तासांत मिस्साला जायचे असते. २५ डिसेंबर सोमवारी आला तर आगमनकाळ जेमतेम २२ दिवसांचा असतो, रविवारी आला तर २८. आधीच थोडे असलेले हे दिवस चर्चने आपल्याला याचसाठी दिले आहेत, आणि आपण ते मेळ्याच्या तयारीत घालवत आहोत.

या कामी धर्मगुरूंचा शब्द किती उपयोगी पडतो हे आपल्या वाडवडिलांनी पाहिले आहे. कोर्टाची पायरी चढण्याआधी दोन्ही बाजू फादरांकडे जाऊन बसत आणि पुष्कळदा तिथेच मिटवून घरी येत. आज फादर मेळ्याच्या बैठकीत असतात, ही मी आपली थट्टा करत नाही. मिस्सा, शाळा, बांधकाम, मयते, लग्ने आणि ट्रस्टची कागदपत्रे यांत आपला दिवस कसा जातो, ते मी पाहते. म्हणूनच यातले कोणते काम दुसरे कोणी करू शकते आणि कोणते फक्त धर्मगुरूच करू शकतो, याचा विचार कौन्सिलने करायला हवा होता. स्टॉलचे भाडे आम्ही गोळा करू शकतो. पापक्षमा आम्ही देऊ शकत नाही.

शेवटची तक्रार निर्णयाच्या पद्धतीविषयी आहे. गावोगावच्या भाविकांच्या समूहांना न विचारता तपसाधना रद्द झाली. कॅनन कायद्यात पॅरिश कौन्सिल सल्ला देण्यासाठी असते, हे खरे, पण सल्ला देणाऱ्यांनी आधी लोकांत फिरावे, इतकी अपेक्षा चुकीची नसावी.

आमच्या मागण्या अशा आहेत.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून २२ डिसेंबरपर्यंत आठवड्यातून निदान दोन दिवस रात्री आठ ते नऊ पापनिवेदनासाठी एक धर्मगुरू चर्चमध्ये बसावेत, आणि या वेळा सूचनाफलकावर व समूहांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधी कळवाव्यात. वृद्धांसाठी आणि मुलांसाठी शनिवारी सकाळची एक वेगळी वेळ असावी. सामुदायिक प्रायश्चित्तविधी २३ तारखेऐवजी दुसऱ्या आठवड्यात घ्यावा, त्यासाठी शेजारच्या धर्मग्रामांतून आणि मठांतून धर्मगुरूंना बोलवावे, आणि त्यात प्रत्येकाला एकेकट्याने पापनिवेदन करता यावे. त्या संध्याकाळी चर्चमध्ये कसलीही तालीम किंवा सजावट होऊ नये.

पापनिवेदन कक्ष रिकामा करावा. हे काम करायला धर्मशिक्षणाचे शिक्षक आणि मोठ्या वर्गातली मुले तयार आहेत, सामान हलवायला दुसरी जागा तेवढी सांगावी.

तपसाधना पूर्ववत व्हावी. तीन संध्याकाळ शक्य नसतील तर दोन चालतील. तिच्यातली एक संध्याकाळ मजुरी, जमीन, बहिणींचा हक्क आणि दारू या विषयांसाठी राखून ठेवावी, आणि आत्मपरीक्षणासाठी मराठीत एक पानभर प्रश्न छापून घरोघरी द्यावेत. ते प्रश्न तयार करण्यात मदत करायला मी तयार आहे. भावकीतले तंटे मिटवू इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी या चार आठवड्यांत आपण किंवा आपले सहायक धर्मगुरू आठवड्यातून एक दुपार मोकळी ठेवावी.

मेळा २६ डिसेंबर ते जानेवारीचा पहिला आठवडा या दरम्यान घ्यावा, त्याचा जमाखर्च फलकावर लावावा, आणि चर्चच्या आवारात डीजे व दारू यांना कोणत्याही तारखेला परवानगी देऊ नये. चार दिव्यांना चार बटणे बसवावीत, किंवा सरळ मेणबत्त्या आणाव्यात. त्या स्वस्त पडतात.

आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो, त्यामुळे हे सगळे बदलायला अजून अवधी आहे. मेळ्यासाठी कोणाला आगाऊ रक्कम दिली असेल आणि तारीख बदलल्याने ती बुडणार असेल, तर किती ते कळवावे. आमच्या समूहातली काही कुटुंबे ती भरून द्यायला तयार आहेत. कौन्सिलच्या पुढच्या बैठकीत आमच्यापैकी दोघांना दहा मिनिटे बोलू द्यावे, आणि निर्णय काहीही झाला तरी तो कारणांसह त्यानंतरच्या रविवारी सर्व मिस्सांच्या वेळी वाचून दाखवावा, ही विनंती.

आपली नम्र,
धर्मशिक्षण वर्गातील एक शिक्षिका
वसई